इंजिनाकडे पाठ करून

सोलापूरला कोणी हौसेनं जातं असं मला वाटत नाही. आम्हीही गेलो नसतो. पण परत आल्यापासून पाचगणीतल्या बायका पाण्याच्या नळावर रोज विचारतात, काय पाहिलंत, काय खाल्लंत, इंजिन मिळालं का, आणि प्रत्येकीला वेगवेगळं सांगायचा मला वैताग आला आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. देवळं आणि किल्ला ज्यांना हवा असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. आम्ही भंगार पाहिलं, एक पिठाची गिरणी पाहिली आणि जे कधी पाहायला नको होतं तेही पाहिलं.

आमचे हे एका लहान संस्थानात मोटार चालवायला होते. संस्थान विलीन झालं तेव्हा मालकांनी एक जुनी विलायती गाडी ह्यांना देऊन टाकली. लांब नाकाची, काळीकुळकुळीत, पुढे दोन पातेल्याएवढे दिवे. आम्ही तिला काळीच म्हणतो. हंगामात पाहुण्यांना महाबळेश्वरचे पॉइंट दाखवायचे आणि पावसाळ्यात तिला ताडपत्रीखाली झाकून ठेवायची, यावर आमचा संसार झाला. गेल्या दिवाळीत पसरणी घाटात काळी तापली आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. "पाइप फुटला, कळायच्या आत पाणी गेलं," एवढंच हे बोलले. तेव्हापासून ह्यांनी ओट्यावर बैठक मारली. दाढी नाही, पेपर नाही, आल्यागेल्याशी बोलणं नाही. रेडिओ तेवढा मोठा करून लावायचा. पेट्रोल महागल्यापासून लोक अशा गाड्या किलोवर विकू लागले आहेत, पण तसं म्हणायची माझी छाती नव्हती. इंजिन मिळालं तर हा माणूस उठेल, नाहीतर ओट्यावरच संपेल, असं मला स्वच्छ दिसत होतं.

माझी मावसबहीण मालूताई सोलापूरला शुक्रवार पेठेत असते. तिनं संक्रांतीला निरोप धाडला की इथं रशीदभाई नावाचे एक गृहस्थ जुन्या गाड्या उकलतात, त्यांच्याकडे इंजिनं असतात. पाहुण्यांना डबे करून मी जे जमवलं होतं ते कनवटीला लावलं. त्यात एकच इंजिन येणार होतं. ते चुकलं तर दुसरं नाही. मी बरोबर निघाले ती याच धाकानं. इंजिन पसंत करायला अर्थात हे होतेच. ह्यांची एक पद्धत आहे. इंजिन चालू करायला सांगायचं, वीस-पंचवीस पावलं लांब जायचं, इंजिनाकडे पाठ करायची आणि डोळे मिटून ऐकायचं. डोळा फसतो, कान फसत नाही, असं ह्यांचं म्हणणं. वाईचे मेकॅनिक याला घाबरून असत.

शुक्रवार पेठ

वाईहून पुणे, पुण्याहून सोलापूर, यात सांगण्यासारखं काही नाही. कुर्डुवाडी गेली की झाडं विरळ होत होत संपतात आणि मग नजर अडायला काही राहत नाही. आमच्याकडे दहा पावलांवर धुकं, इथं आडवंतिडवं उघडं रान. काढणी झालेल्या शाळूचे नुसते सड उभे होते.

मालूताईचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, वर धाब्याची गच्ची. समोरच्या घरांत तेलुगू विणकरांचे माग. सकाळी जो खटखटाट सुरू होतो तो दिवे लागले तरी थांबत नाही. मालूताईला त्याचं काही वाटत नाही. "बंद पडले की जाग येते गं," म्हणाली. माझं डोकं तासाभरात उठलं. हे मात्र पोचल्या पोचल्या भिंतीला टेकून गाढ झोपले. मला रागच आला. इतक्या आवाजात माणूस झोपतो तरी कसा!

जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि हुलग्याचं पातळ माडगं. कडक भाकरी म्हणजे आपली शिळी भाकरी नव्हे, हे मी आधीच सांगते, कारण मीही तसंच समजून नाक मुरडलं होतं. ज्वारीची भाकरी कापडासारखी पातळ थापून भाजून भाजून पापड करतात. महिनाभर राहते. चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली, नुसती बोटावर घेतली तरी जेवण होतं. ह्यांच्या घासाबरोबर भाकरीचा कडाकडा आवाज होत होता.

मालूताईनं दोनदा विचारलं, "भावजी, आणखी वाढू का?" ह्यांनी मान वर केली नाही.

"रागावलेत का गं?" तिनं मला हळूच विचारलं.

"ते दिवाळीपासून रागावलेत," मी म्हटलं. "वाढ तू, खातील."

संध्याकाळी गच्चीवर चटई टाकली. अर्धा चंद्र डोक्यावर आला होता आणि गार वारं सुटलं होतं. मी सोलापूरला आल्यापासून तेवढाच एक तास सुखाचा. उद्या काय होईल म्हणून मी काहीबाही बोलत होते, हे चंद्राकडे बघत होते. एकाही प्रश्नाला उत्तर नाही. आमच्याकडे हे असंच चालतं, म्हणून मीही शेवटी गप्प बसले.

रशीदभाईंची शेड

रशीदभाई म्हणजे मेंदी लावलेल्या दाढीचा, पोट सुटलेला, अत्यंत अदबीचा माणूस. पत्र्याची मोठी शेड, बाहेर गाड्यांची नुसती धडं. दारं नाहीत, चाकं नाहीत, कुणाचं नाकच नाही. हे आत शिरताना प्रत्येक सांगाड्यावर हात ठेवत गेले. स्मशानात आल्यासारखं तोंड झालं होतं ह्यांचं.

रशीदभाईंनी दोन इंजिनं दाखवली. एक लॉरीतून काढलेलं डिझेल. "पेट्रोलचा भाव ऐकून लोक रडतेत, काका. ये डालो, आरामात फिरो." हे नुसतंच हसले. काळीच्या नाकात ते ढोबळं बसवायचं म्हणजे पुढची चौकट कापावी लागली असती, आणि तिचे स्प्रिंग खाली बसले असते. शिवाय घरंदाज बाईला बिडी ओढायला लावायची का, असं ह्यांनी पूर्वी एकदा वाईच्या मेकॅनिकला सुनावलं होतं. मीच रशीदभाईंना नको म्हणून सांगितलं.

दुसरं होतं लष्करातून लिलावात निघालेल्या जीपचं. पेट्रोलचं, चार सिलिंडर, आटोपशीर. खाली टेकायचे पाय थोडे बदलले की काळीत बसेल, असं रशीदभाई म्हणाले. पेट्रोल जरा जास्त पितं, पण किंमत आमच्या कनवटीत मावणारी. त्यांनी ते लाकडाच्या घोडीवर चढवलं, सायलेन्सर जोडला आणि चालू केलं. हे नेहमीप्रमाणे लांब गेले. रस्त्याच्या कडेला, पाठ करून, डोळे मिटून. मी शेडच्या दाराशी उभी होते. मला कसला त्यातला गंध, पण इंजिन शिवणयंत्रासारखं सुरेख चालत होतं. रशीदभाईंनी त्याच्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही.

हे परत आले आणि मान हलवली. "नको. याच्यात जीव नाही. मेलेलं आहे."

रशीदभाईंचा चेहरा पडला. "काका, तुमना हौर क्या होना? इत्ता चुप चलता, बाजू में सुई गिरी तो सुनाई देगी."

"मेलेलं आहे," हे पुन्हा म्हणाले आणि सांगाड्यांकडे बघत बसले.

मला रशीदभाईंची कीव आली. बिचाऱ्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "तुमच्या गाडीचं अस्सल, त्याच जातीचं इंजन पायजे असंल तर एकच जागा आहे. मीच दिलं होतं, गिरणीसाठी. भीमेच्या काठाला. पन बरसो से पीठ पीसता है वो. थक गया होंगा." ह्यांना मी ते जवळ जाऊन सांगितलं. अस्सल म्हटल्याबरोबर दिवाळीनंतर प्रथमच ह्यांच्या डोळ्यांत पाणी चमकलं. त्याच क्षणी मला कळलं की आता आम्ही तिकडे जाणार.

भीमेकाठी

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. उजनीचं धरण बांधताहेत, त्याच्या पाण्यात ते जाणार आहे. नाव लिहून कुणी शोधायला गेलं तर काय सापडायचं?

त्याच दुपारी टेंभुर्णीकडच्या एस.टी.तून उतरून पुढं चालत गेलो. नदी अजून नदीसारखीच होती, पण घरांच्या भिंतींवर सरकारी चुन्यानं आकडे घातलेले. काही घरांची वासे-दारं उतरवून नेलेली. रस्त्यात पांढरा पटका बांधलेला एक म्हातारा भेटला. ह्यांनी विचारलं, "इथं इंजिन विकायचंय, ते कुठं?"

म्हातारा एकदम खुलला. "इंजान बगाय आलाव व्हय? या की, या. लांबनं आल्यालं दिसताय." आम्हाला घेऊन तो शेतातून चालत सुटला. वाटेत दोनदा थांबून पाणी प्यायला लावलं. शेवटी आलो ते एका विहिरीवर. तिथं पाणी ओढायचं एकच सिलिंडर असलेलं डिझेलचं धूड गोणपाटाखाली झाकलेलं. त्यानं गोणपाट इतक्या हौसेनं काढलं की आम्हाला लगेच तोंडही उघडवेना. त्या भागात इंजान म्हणजे विहिरीवरचं, दुसरं कुठलं नाही. मोटारीलाही इंजिन असतं हे त्यांच्या ध्यानीमनीसुद्धा येत नाही. आमच्याकडे डोंगरात विहिरी नाहीत की ही इंजिनं नाहीत, तेव्हा मलाही ते उमगायला वेळ लागला.

"ह्ये न्हवं? मग कंचं?" म्हातारा म्हणाला. त्यानं पान्यानं एक नट सैलही केला होता. तो परत आवळत बसला. "हीर बुडनार, मग इंजानाला काय करू मी? गावात समदीच इकायला काढल्यात. घ्येनार कोन?" मी त्याची समजूत काढायला गेले, पण काय बोलणार? गिरणीची वाट त्यानं बसल्या जागेवरून हातानं दाखवली.

गिरणी लांबूनच ऐकू आली. भुक, भुक, भुक, भुक. रानभर तो आवाज चालला होता. हे चालता चालता थांबले. ह्यांनी मान तिरकी केली आणि हसले. खरंच हसले. "बघ," म्हणाले, "हिला म्हणतात जीव."

गिरणीवाला अंकुश, चाळिशीचा, भुवया पिठानं पांढऱ्या झालेला. त्याची बायको सुंदराबाई दळणाच्या पाट्या ओळीनं लावत होती. तिथल्या गिरणीचा एक रिवाज मी पहिल्यांदाच पाहिला. इंजिनाचा धूर जायचा नळ छपरातून वर काढतात आणि त्याच्या तोंडावर तेलाचा रिकामा डबा तारेनं सैल अडकवतात. धुराच्या दणक्यानं डबा उडतो, आपटतो आणि भोंग्यासारखा घुमतो.

"डबा वाजला की वस्तीवस्तीवर कळतंय, गिरन चालू हाय," अंकुश म्हणाला. "मग बाया दळान घिऊन येत्यात. डबा न्हाय तर गिराईक न्हाय."

इंजिन का विकता म्हणून मी विचारलं. त्यानं पिठाचा हात झटकला. "गाव तीन ठिकानी वाटलंय सरकारनं. आमी एकीकडं, वरची आळी दुसरीकडं. मी कुनाचं दळू? नव्या जागंला लाइट येनार म्हनत्यात, लाइटवरची मोटार घ्यायची तर ह्ये इकाय पायजे." इंजिन खरंच काळीच्याच जातीचं होतं. हे त्याच्या अंगावरून हात फिरवत राहिले, पुसट झालेली अक्षरं अंगठ्यानं घासून बघितली. मग नेहमीप्रमाणे बाहेर गेले. नदीच्या अंगाला, बाभळीपर्यंत, पाठ करून, डोळे मिटून. मला इतकं बरं वाटलं ते बघून! जुना माणूस परत आला असं वाटलं.

अंकुश समजूतदार. तो मला म्हणाला, "डब्याच्या दणक्यात काकास्नी इंजान नीट आयकू यायचं न्हाय. डबा काडतो." त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली आणि बाहेर जाऊन डबा उचलून बाजूला केला. भुक-भुक थांबली. खाली इंजिन चालूच होतं, पट्टा फिरत होता, आणि आता त्याच्या पोटातला आवाज उघडा पडला. टक, टकटक. टक, टकटक. कुणीतरी आतून हातोडी मारतंय असा. मी इंजिनातलं काही शिकलेली नाही, पण एवढी वर्षं एका इंजिनाशेजारी बसून घाट चढले आहे. ते इंजिन वाजत होतं, म्हणजे आतून गेलेलं होतं. अंकुशनं मान खाली घातली.

आणि बाभळीखालून हे ओरडले, "अहो, बंद का केलंत? चालू ठेवा की!"

इंजिन आपलं वाजतच होतं. दळण घेऊन आलेल्या दोघी बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुंदराबाईच्या हातातली पाटी तशीच राहिली. दिवाळीपासूनचा रुसवा, मोठा करून लावलेला रेडिओ, विणकरांच्या पेठेतली ती गाढ झोप, रशीदभाईंचं मेलेलं इंजिन, पसरणी घाटात खडखडून खडखडून फुटलेली काळी. सगळं एकाच वेळी माझ्या डोक्यात उभं राहिलं. पाइप बीप काही नव्हतं. काळी ओरडत होती आणि ह्यांना ऐकू आलं नव्हतं.

अंकुशनं काठीनं डबा परत नळावर टाकला. भुक, भुक. हे समाधानानं मान हलवत आले. "झकास," म्हणाले. "याला म्हणायचं इंजिन. काढ गं पैसे."

अंकुश माझ्याकडे बघेना. त्याला ते विकायला हवं होतं, आणि ह्यांना ते घ्यायला हवं होतं. मधे मी. इंजिन वाजतंय म्हणावं तर ह्या लोकांसमोर ह्यांच्या तोंडावर सांगायचं की तुम्ही बहिरे झालात. ज्या माणसाची सगळी अब्रू कानात, त्याला? पैसे द्यावेत तर आमचं आयुष्यभराचं साठवलेलं त्या हातोडीखाली जातं. कनवटीवर हात ठेवून मी जे तोंडाला येईल ते बोलले.

"आज नको. आज अमावास्या आहे."

"अवस?" अंकुश म्हणाला. "आज कुटली..."

"व्हय की," सुंदराबाई मधेच म्हणाली. "अवसच हाय आज. अवसंला यवहार नगं. त्यास्नी दुसऱ्या दिशी यिऊ द्या."

खेड्यातली बाई तिथी चुकत नाही. अंकुशनं तिच्याकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं आणि आत पट्टा काढायला गेला. ती नव्या मोटारीवर पाणी सोडून माझ्या बाजूला उभी राहिली होती, हे मला कळत होतं, आणि तिलाही. निघताना तिनं मला कुंकू लावलं, ओटीत वाटीभर तांदूळ घातले आणि हळू म्हणाली, "माज्या सासऱ्यालाबी शेवटी आयकू येत न्हवतं. जल्म गिरनीत गेला. लई एकलं पडतंय मानूस." मला रडू आवरेना. ह्यांना वाटलं, इंजिन हातचं जातंय म्हणून मी रडते आहे.

टेंभुर्णीचा स्टँड

सोलापूरची गाडी उशिरा होती. बाकड्यावर बसलो. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, त्याचे घुंगरू वाजत होते. मी पूर्वी म्हटलं असतं, ऐका, घुंगरू कसे छान वाजतात. आता ते माझ्या तोंडातून निघेना.

हे म्हणाले, "काल गच्चीवर चंद्र होता."

मी ओटीतले तांदूळ सावरायला लागले.

"अंकुशनं इंजिन बंद केलं नव्हतं. हो ना?"

मी मान हलवली. नव्हतं केलं.

हे समोर बघत राहिले. रागावतील असं वाटलं, पण नाही. "आधी घड्याळ गेलं," म्हणाले. "उशाशी असून टिकटिक येईना. म्हटलं, किल्ली द्यायची राहिली. मग पाखरं गेली. इंजिन शेवटी गेलं. रशीदभाईचं मला खरंच बंद वाटलं गं. आणि इथं ती भुक-भुक ऐकली तेव्हा वाटलं, चला, एक तरी जिवंत आहे."

"मला सांगितलं का नाहीत?" मी ओरडले. स्टँडवरची माणसं वळून बघू लागली. बघेनात का.

"सांगितलं असतं तर काळी उभी राहिली असती."

"मग आता काय पळतेय?"

मला लगेच वाईट वाटलं. पण भीतीही वाटली. मागच्या हंगामात पाहुण्यांची लेकरं मागे बसवून हे पसरणीच्या वळणांवरून गेले होते, मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न न ऐकता. मी रोज निवांत दार लावून स्वयंपाक करत होते.

"वाजत होतं का?" ह्यांनी विचारलं.

"वाजत होतं."

"कसं?"

आवाज तोंडानं कसा सांगायचा? मी ह्यांचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोटाच्या पेरानं मारून दाखवलं. टक, टकटक. टक, टकटक. हे डोळे मिटून बसले. दोनदा करायला लावलं.

"खालचं बेअरिंग गेलंय," म्हणाले. "घाटात पहिल्या चढाला फुटलं असतं." आणि हात काढून घेतला नाही.

गाडी आली तेव्हा उठता उठता म्हणाले, "उद्या जीपचं घेऊ."

मला हायसं वाटलं. "तेच म्हणते मी. रशीदभाई बसवूनही देतील."

"बसवून घेऊ आणि चालती गाडी विकू. चालती असली तर कुणीतरी वापरेल. बंद दिली तर उकलून टाकतील, सकाळी पाहिलंस ना?" हे खिडकीशी बसले. "मी आता घाटात तिच्यात बसणार नाही. तू काळजी करू नकोस."

म्हणजे आम्ही आता परक्या माणसासाठी इंजिन निवडायला आलो होतो. ह्यांना उठवायला मी सोलापूरला आणलं आणि काळीच विकायला लावली. सोलापूर येईपर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही.

पुन्हा शेड

सकाळी मालूताईला सांगून निघालो. तिनं कडक भाकरीचा गठ्ठा आणि चटणी बांधून दिली. "भावजींचा राग गेला का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

रशीदभाई आम्हाला बघून चकित झाले. जीपचं म्हटल्यावर खूश झाले, पण नंतर जरा संशयानंच बघू लागले. "काल तर मेलं म्हणले होते, काका."

"आज नीट ऐकतो," हे म्हणाले.

घोडीवर इंजिन होतंच. रशीदभाईंनी ते चालू केलं आणि पाण्याचा पेला आणायला वळले. हे त्यांना म्हणाले, पेला नको. मग माझ्याकडे बघितलं. "जा," म्हणाले. "तू उभी राहा."

मी रस्त्याच्या कडेला गेले, ह्यांची जागा होती तिथं, आणि इंजिनाकडे पाठ केली. येणारेजाणारे बघत होते. नऊवारी नेसलेली, पदर डोक्यावर घेतलेली बाई भंगाराच्या दारात डोळे मिटून उभी. मला लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. खालचा टकटकाट कुठं आहे का ते मी शोधलं. वर शिट्टी आहे का ते शोधलं. मधे एखादा ठोका चुकतो का ते शोधलं. काळी चांगली असताना कशी चालायची ते आठवून आठवून तिच्याशेजारी हे ठेवून पाहिलं. कुठं काही खटकलं नाही. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

मी वळले. हे इंजिनाकडे बघत नव्हते, रशीदभाईंकडेही नाही. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

हे दोन पावलं जवळ आले. माझ्या ओठांवरून नजर काढली नाही.

"नक्की ना?" म्हणाले. "खरं सांग हं. आता तू खोटं बोललीस तरी मला कळायचं नाही."